फोन एक, मतं माणशी दोन

मराठी घरात नवी वस्तू आली की आधी तिला हळदकुंकू वाहतात आणि मग तिच्याविषयी मत देतात. हळदकुंकवाला निदान डबी उघडावी लागते. मताला काहीच लागत नाही, माहितीसुद्धा नाही. नवा फ्रीज दारातून आत येत असतानाच शेजारचे कोणीतरी ‘याचा कॉम्प्रेसर फार आवाज करतो’ म्हणून मोकळे होतात. अजून त्याची पिनही बोर्डात गेलेली नसते. मिक्सर, स्कूटर, जावई, सगळ्यांनी हे सोसलेलं आहे. पण त्यांच्यावरची मतं चहा संपेपर्यंत संपत. चहा झाला, सरबत झालं, दिवेलागण झाली तरी न संपलेली मतं मी प्रथम ऐकली ती २००९ साली, नोकिया ५८०० एक्स्प्रेसम्युझिक नावाच्या फोनवर.

आजच्या पोरांना हे नाव एखाद्या रेल्वेगाडीचं वाटेल, पण तेव्हा त्याचा दबदबा होता. २ ऑक्टोबर २००८ रोजी, आपण इकडे गांधी जयंतीची सुट्टी झोपून साजरी करत असताना, लंडनमध्ये नोकियानं हा फोन जाहीर केला. सिंबियन या फोनच्या प्रणालीची बोटानं चालणारी नवी आवृत्ती घेऊन आलेला त्यांचा हा पहिलाच फोन. त्याआधी जुलैत आलेल्या ‘द डार्क नाइट’मध्ये त्याचा नमुना झळकूनही गेला होता, म्हणजे दुकानात दिसायच्या आधी तो सिनेमात दिसला. कंपनीचं म्हणणं असं, की हा नुसता बोलायचा फोन नाही, हा करमणुकीचा फोन. गाणी, सिनेमे, खेळ, फोटो, सगळं बोटाखाली. जानेवारी २००९ संपेपर्यंत जगभर असे दहा लाख फोन रवाना झाले. पुढच्या लाखांतला एक माझ्या भाच्यानं पाडव्याच्या मुहूर्तावर कोथरूडच्या घरी आणला.

भाचा नुकताच नोकरीला लागलेला. त्याचा हिशेब नव्या पिढीचा. ‘मामा, आयफोन एकतीस हजारांना आहे. हा वीस-बावीसच्या घरात. म्हणजे नऊ-दहा हजार वाचवलेच की मी!’ आयफोन ३जी आदल्या ऑगस्टमध्ये भारतात आला होता आणि आठ जीबीच्या मॉडेलला खरोखरच ३१,००० रुपये मोजावे लागत. न घेतलेल्या वस्तूच्या किमतीतून घेतलेल्या वस्तूची किंमत वजा करायची आणि उरेल त्याला बचत म्हणायचं, हे गणित मी आजवर साड्यांच्या सेलमध्ये ऐकलेलं; मोबाईलच्या बाबतीत पहिल्यांदाच ऐकत होतो. दाजींनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, लगेच ते वाचवलेले दहा हजार बघायला मागितले.

दाजींचा स्वतःचा फोन म्हणजे नोकिया ११००. २००३ साली आलेला, डोक्यावर विजेरी असलेला, जगात पंचवीस कोटींच्या आसपास खपलेला. त्या काळी लोडशेडिंग असं होतं की विजेरीचा फोन ही चैन नव्हती, नागरी सुविधा होती. दाजींनी ५८०० हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला आणि विचारलं, ‘याची बटणं कुठायत?’

‘नाहीत, बाबा. स्क्रीनवर येतात.’

‘कधी?’

‘लागतील तेव्हा.’

‘आणि नाही आली तर?’

या प्रश्नाचं उत्तर फिनलंडमध्येही कोणाकडे नसावं. भाच्यानं मुद्दा सोडवायला म्हणून पडद्याखालची तीन बटणं दाखवली: एक फोन घ्यायचं, एक मेन्यूचं, एक ठेवायचं. दाजी म्हणाले, ‘तीन दिलीत, मग बाकीची द्यायला काय जात होतं?’

त्यात पडदा ३.२ इंची आणि कॅमेरा ३.२ मेगापिक्सेलचा, हा एक घोळच होता. दाजी शेवटपर्यंत कॅमेरा इंचांत आणि पडदा मेगापिक्सेलमध्ये मोजत राहिले आणि दोन्ही आकडे बरोबर येत असल्यामुळे त्यांना कोणी टोकूही शकलं नाही.

खरं रण माजलं ते पडद्यावरून. ५८००चा पडदा रेझिस्टिव्ह जातीचा. म्हणजे वर एक लवचिक पापुद्रा, खाली दुसरा थर, मध्ये केसभर पोकळी. दाबलं की वरचा थर खालच्याला टेकतो, तिथून वीज वाहते आणि कुठे दाबलं ते फोनला कळतं. आयफोनचा पडदा कपॅसिटिव्ह. त्याला दाब नको, उघड्या बोटाचा स्पर्श हवा. एकाला दाबावं लागतं, दुसऱ्याला गोंजारावं लागतं. आणि गोंजारणं आपल्या लोकांना जमत नाही. आपण पाठीवरून मायेनं हात फिरवतो तोसुद्धा समोरच्याला ठसका लागेल असा.

शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर या पडद्याचे पहिले चाहते झाले. उभी हयात टपालावर शिक्के हाणण्यात गेलेली. त्यांनी एका चित्रावर अंगठा असा ठेवला की फोन थरथरला. तो थरथरायचाच, दाब पोचल्याची खूण म्हणून तशी सोय केलेली होती. पण मास्तर खूश झाले. ‘पोच देतो बरं का,’ ते म्हणाले. ‘रजिस्टर ए.डी. आहे हा!’ दाजींचं म्हणणं पडलं, की जो फोन हात लावताच कापायला लागतो तो किती दिवस टिकणार.

तेवढ्यात स्वयंपाकघरात निराळीच चाचणी झाली. ताई श्रीखंडाबरोबरच्या पुऱ्या लाटत होती. भाच्यानं फोन ओट्यावर ठेवलेला. ताईच्या दोन्ही हातांना कणीक, कढईत पुरी टम्म फुगलेली आणि नेमका दाजींच्या मावशींचा फोन वाजला. पुरीला थांबवता येत नव्हतं, मावशींना तर त्याहून नाही. ताईनं लाटण्याचं टोक हिरव्या बटणावर टेकवलं. फोन उचलला गेला. तेच टोक तिनं पडद्यावरच्या स्पीकरच्या चित्रावर टेकवलं आणि मावशी घरभर बोलू लागल्या. ‘हो मावशी, तुम्हालाही शुभेच्छा,’ म्हणत ताईनं झाऱ्यानं पुरी उलटली. लाटण्यानं चालणारा टचस्क्रीन फोन ही गोष्ट जाहिरातवाल्यांच्या डोक्यात आली नाही, नाहीतर महाराष्ट्रातली निम्मी घरं तिथेच फितूर झाली असती. एकतीस हजारांच्या आयफोनला लाटणं कळत नव्हतं. ताईचं मत त्या क्षणी ठरलं आणि नंतर बदललं नाही: ‘फोन चांगला आहे. फक्त पुसून ठेवायचा.’ दाजींनी बाहेरून आवाज दिला, की बटण तर ११००चंही लाटण्यानं दाबता येतं. ताई म्हणाली, ‘दाबता येतं, पण मग तो कानाशी कोण धरणार? तुम्ही?’ दाजी गप्प बसले. तसा एरवी त्यांनी तो धरलाही असता, पण मावशी त्यांच्या होत्या.

यानंतर टेकवण्याचा प्रश्न निघाला. एकदा टेकवायचं की दोनदा? चित्रांच्या मेन्यूत एकदा टेकवलं की दार उघडे. नावांच्या यादीत मात्र पहिल्यांदा टेकवलं की नाव नुसतं निवडलं जाई आणि दुसऱ्यांदा टेकवल्यावर उघडे. कारण सरळ होतं. सिंबियन मुळात बटणांच्या फोनांसाठी घडलेलं; वर जा, खाली जा, हवं तिथे थांब, मग मधलं बटण दाब. बोटाचा जमाना आला तेव्हा घाईघाईनं बटण काढून टाकलं, पण बटणाची सवय आतच राहिली. भाचा हे खालमानेनं समजावत होता. पोस्टमास्तरांना त्यात काहीच वावगं दिसलं नाही. ‘आधी अर्ज, मग मंजुरी,’ ते म्हणाले. ‘एका फेरीत काम झालं की मलाच संशय येतो.’

खोक्यात एक नखी निघाली. गिटारची असते तशी तिकोनी, दोरीला लटकवायची. फोनच्या पाठीत खोचलेली एक बारीक स्टायलस होतीच, ही वरकड. आयफोन पहिल्यांदा दाखवताना २००७ मध्ये स्टीव्ह जॉब्सनं स्टायलसची टर उडवली होती. जन्मतः दहा बोटं मिळालेली असताना कांडी कशाला, असा त्याचा रोख. (त्याच्या कंपनीनं पुढे २०१५ मध्ये पेन्सिल काढली, पण मोठ्या माणसांच्या मागे त्यांच्या घरात काय चालतं ते आपण बोलू नये.) नोकियानं मात्र कांडी दिली, वर नखीही दिली, संगीताचा फोन म्हणून. गंमत अशी, की नोकियाची जगप्रसिद्ध धून ही फ्रान्सिस्को तारेगा या स्पॅनिश गिटारवादकाच्या १९०२ सालच्या ‘ग्रान व्हाल्स’मधली, आणि हा तारेगा गिटार वाजवी ती बोटांनी. ज्याच्या चार सुरांवर कंपनीनं जग जिंकलं, त्याला कधी लागली नाही ती नखी गिऱ्हाइकाच्या हाती आली. दाजींनी ती खिशात टाकली आणि पुढची वर्षं रिचार्जची कूपनं खरवडायला वापरली. फोनच्या खोक्यातली त्यांना निर्विवाद आवडलेली ही पहिली वस्तू.

दुसरीही लवकरच सापडली. फोन वाजत असताना टेबलावर पालथा घातला की तो गप्प व्हायचा. दाजींनी भाच्याला पुनःपुन्हा फोन लावायला सांगितलं आणि पुनःपुन्हा तो पालथा घातला. ‘घरात असं दुसरं कोणी नाही,’ ते म्हणाले. आतून लाटण्याचा आवाज थांबला, तेव्हा त्यांनी विषय बदलून सिमकार्डाकडे नेला.

सिमकार्डाचं प्रकरण फोनइतकंच स्वतंत्र आहे. ते घालायचं फोनच्या कडेला असलेल्या फटीतून, अगदी सहज, सरकवून. काढायचं म्हटलं की मागचं झाकण उघडा, बॅटरी काढा, तिच्याखालच्या भोकात स्टायलसचं टोक घाला आणि कार्डाला आतून ढोसा. पुण्याच्या जुन्या वाड्यातल्या भाडेकरूचं होतं तसंच: यायला पुढचं दार, घालवायला मागून कारवाई. पोस्टमास्तर स्वतः पंचावन्न वर्षं वाड्यात राहिलेले. या एका मुद्द्यावर त्यांनी मत राखून ठेवलं.

दुपारी भाच्याचा मित्र आला. त्याच्याकडे आयफोन. आयफोनवाला माणूस वादात पडत नाही. तो फक्त आपला फोन सगळ्यांना दिसेल असा ठेवतो आणि चिवडा खात बसतो. भाच्यानं त्याला नावांची यादी खाली न्यायला सांगितली. त्यानं एक टिचकी मारली आणि यादी भरधाव खाली गेली, दमत दमत थांबली. भाच्याच्या फोनवर त्या काळी कडेचा बारीक पट्टा पकडून ओढावा लागे. झटक्यानं यादी पळवायची सोय नंतरच्या अपडेटमध्ये आली. सगळ्यांनी ती यादी तीन-चार वेळा पळवून पाहिली. आईनं, म्हणजे भाच्याच्या आजीनंही पाहिली. ‘इतक्या जोरात जाऊन वाचायचं कधी?’ तिनं विचारलं.

मग भाच्याची पाळी. ‘आता हे गाणं ब्लूटूथनं मला पाठव.’ जमेना. ‘बरं, आजीचा व्हिडिओ काढ.’ आयफोन तेव्हा फोटो काढायचा, व्हिडिओ नाही. ‘हा मेसेज इथून उचलून तिथे चिकटव.’ त्या मार्चमध्ये आयफोनला तेही येत नव्हतं. ते जूनमधल्या अपडेटनं शिकवलं. ‘फोटो एमएमएसनं धाड.’ तेही नाही. मित्र शांतपणे म्हणाला, ‘पण मला हे काही लागतच नाही.’ यावर भाच्याला उत्तर सुचेना. महागडी वस्तू घेतली की गरजा कमी होतात, हे अध्यात्म त्याला अजून कळलेलं नव्हतं. दोघांनी एकमेकांचे फोन परत केले आणि दोघंही आपण जिंकल्यासारखे उठले.

संध्याकाळी शोभायात्रेहून परतलेला मंडळाचा कार्यकर्ता डोकावला. त्याच्या हातात चायना. हा फोनांचा तिसरा पंथ. दोन सिमकार्डं, ओढून लांब करायची अँटेना, तिच्यावर टीव्ही, टचस्क्रीन, स्टायलस, पाठीवर ओळीनं स्पीकर आणि किंमत ऐकून भाच्याचा चेहरा पडला इतकी कमी. कार्यकर्त्यानं ५८०० हातात तोलला. ‘छान आहे. आवाज दाखवा.’ भाच्यानं गाणं लावलं. ५८००च्या कडेला दोन स्पीकर, त्यांतून आवाज येई तो त्या काळच्या फोनांच्या मानानं खणखणीत. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग कार्यकर्त्यानं आपलं गाणं लावलं आणि चर्चाच संपली, कारण कोणाचं बोलणं कोणाला ऐकू येईना. खालच्या मजल्यावरून दार वाजल्याचा आवाज आला. ‘मोबाईलची करमणूक आपल्यासाठी नसते, साहेब,’ तो जाता जाता म्हणाला, ‘शेजाऱ्यांसाठी असते.’

त्या वर्षाअखेरीला सरकारनं आयएमईआय, म्हणजे फोनच्या ओळखीचा, नंबर नसलेल्या फोनांवर बडगा उगारला. ३० नोव्हेंबर २००९ च्या मध्यरात्रीपासून अशा फोनांची जोडणी तोडायचा आदेश निघाला आणि कितीतरी चायना फोन मुके झाले. बोलण्यापुरतेच मुके; गाणी चालूच राहिली. म्हणजे बोलणं अजिबात नाही आणि फक्त करमणूक, असा शुद्ध एंटरटेनमेंट फोन भारतात अखेर सरकारी आदेशानं तयार झाला.

आता गाण्यांबद्दल. नोकियाचं संगीताचं स्वप्न मोठं होतं. त्याच फेब्रुवारीत दोन ऑस्कर घेऊन आलेल्या ए. आर. रेहमानचा ‘कनेक्शन्स’ हा अल्बम नोकियाच्या सोबतीनं आला होता. पण आपल्याकडे फोनमध्ये गाणी येण्याचा राजमार्ग निराळा. बुधवार पेठेत तापकीर गल्लीच्या आसपास जायचं, स्क्रीनगार्ड बसवून घ्यायचा आणि ‘मेमरी कार्ड भरून मिळेल’ या पाटीखाली बसलेल्या पोरापुढे कार्ड ठेवायचं. तो मान वर न करता विचारणार, ‘काय भरू?’ त्याच्या कॉम्प्युटरवर सगळं संगीतशास्त्र पाच फोल्डरांत बसवलेलं: न्यू हिंदी, ओल्ड हिंदी, मराठी मिक्स, भक्ती, डीजे. भाच्यानं ‘चांगली भर’ म्हणून सांगितलं. पोरानं सगळी भरली. फोनबरोबर मिळालेलं कार्ड आठ जीबीचं, म्हणजे दोन हजारांच्या आसपास गाणी. एवढी गाणी ऐकायला जे आयुष्य लागतं ते नोकरी लागलेल्या माणसाकडे नसतं. भाचा त्यांतली सात-आठच ऐकायचा. पण बाकीची आहेत, हे समाधान मोठं. लोक मुदत ठेवीकडे ज्या भावनेनं बघतात त्याच भावनेनं तो ‘मेमरी फुल’ हा मेसेज बघत असे.

या भरलेल्या गाण्यांत गाण्याच्या नावापुढे गायकाचं नाव नसे. ज्या वेबसाइटवरून ते उचललं तिचं नाव असे. आशाबाईंची जुनी भावगीतं कोणा डॉट कॉमनं गायलेली आहेत, अशी फोनची प्रामाणिक समजूत होती. आईला हे वाचून दाखवल्यावर तिनं चष्मा पुसला आणि पुन्हा वाचायला लावलं. त्यातून भाच्यानं ‘शफल’ चालू ठेवलेलं. सकाळी तिच्यासाठी भूपाळी लावली; ती संपून देवाला जाग येते न येते तोच पाठोपाठ ढोलकी कडाडली आणि लावणी सुरू झाली. ‘देव उठला असता तरी आता परत झोपायचा नाही,’ आई म्हणाली.

तिची करमणूक म्हणजे विविध भारती. भाचा उत्साहानं म्हणाला, ‘आजी, यात एफएम आहे!’ पण एफएम लावायचं तर इअरफोन खोचावाच लागतो, कारण त्याची वायर हीच अँटेना.

‘मला कानात काही घालायचं नाही.’

‘अगं, कानात नाही घालायचं. नुसता खोचून ठेवायचा. आवाज स्पीकरवरच येणार.’

‘कानात घालायचा नाही, मग आणायचा कशाला?’

‘अँटेना म्हणून.’

‘मग त्याला अँटेनाच द्यायची होती. त्या मंडळाच्या मुलाच्या फोनला आहे की.’

टचस्क्रीनच्या पर्वातलं चायना फोनच्या बाजूनं पडलेलं हे एकमेव जाणकार मत.

खोक्यात एक लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांची वायरही होती, फोन टीव्हीला जोडायची. भाच्यानं सकाळी शोभायात्रेचा व्हिडिओ काढला होता. तो आता मोठ्या पडद्यावर दाखवायचं ठरलं. टीव्ही भिंतीपासून ओढला, मागच्या भोकांत पिना घातल्या, चित्र आलं. लेझीम, फेटे, नऊवारीतल्या बुलेटवरच्या मुली, आणि सगळ्यांच्या मध्ये एका अनोळखी गृहस्थाचं डोकं. ताई हात पुसत बाहेर आली. ‘टीव्हीवरच बघायचं होतं तर टीव्ही होता की आपल्याकडे,’ ती म्हणाली. तेवढ्यात फोन वाजला. वायर आखूड, त्यामुळे भाचा टीव्हीच्या मागे वाकून, भिंतीला गाल लावून बोलू लागला. दाजींनी हे दृश्य बराच वेळ पाहिलं. ‘हा झाला लँडलाइन,’ ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात फोनविषयी आपुलकी होती.

राहता राहिला पुढचा कॅमेरा. मागचा कार्ल झाइसच्या भिंगाचा, त्याच्या दिमतीला दोन दिवे. पुढे एक छोटा, व्हिडिओ कॉलसाठी. पण व्हिडिओ कॉलला ३जी हवं, आणि खासगी कंपन्यांसाठी ३जीचा लिलाव व्हायला २०१० उजाडायचं होतं. सरकारी सेवा काही शहरांत नुकती कुठे डोळे चोळत उठत होती. त्यामुळे पुढचा कॅमेरा नेमणूक झालेली, खातं मात्र अजून निघालेलं नाही, अशा अधिकाऱ्याच्या ऐटीत बसून पगार खात होता. ताईनं त्याला काम दिलं. हळदीकुंकवाला निघताना ती त्यात बघून टिकली सरळ करायची. आज साऱ्या जगानं पुढच्या कॅमेऱ्याचा जो उपयोग मान्य केलाय तो ताईनं नेटवर्कची वाट न बघता शोधून काढला होता; तिला त्यासाठी एखादं पेटंट मिळायला हरकत नव्हती.

रात्री निकालाची वेळ आली. पोस्टमास्तर: उत्तम, पण कार्ड काढायची पद्धत मान्य नाही. आई: आवाज बरा, पण भरवसा नाही. ताई: पुसून ठेवावा. मित्र: चांगला प्रयत्न आहे. (हे ऐकून भाचा दोन दिवस जेवला नाही असं नाही, पण कमी जेवला.) दाजी: नखी चांगली आहे. मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, की फोनबद्दल मला मत नाही, पण करमणुकीचा फोन म्हणून कंपनीनं जे सांगितलं ते शंभर टक्के खरं निघालं. सकाळी साडेदहापासून घरातलं कोणी झोपलं नव्हतं, टीव्हीवरची मालिका कोणाला आठवली नव्हती आणि एवढ्याशा पडद्यात एका वेळी सात जणांनी डोकी घातली होती. त्यातलं एकही गाणं कोणी पूर्ण ऐकलं नाही, हा भाग निराळा.

पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. फेब्रुवारी २०११ मध्ये नोकियानं आपली नाव मायक्रोसॉफ्टच्या विंडोज फोनला बांधली, २०१४ मध्ये फोनचा धंदाच मायक्रोसॉफ्टकडे गेला आणि त्याच नोव्हेंबरमध्ये चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूरचा नोकियाचा कारखाना बंद पडला. दाबायचे पडदे गेले, गोंजारायचे राहिले. आपणही गोंजारायला शिकलो. माणसांना नाही, पडद्यांना. आता कोणी नवा फोन आणला तर घरातले एकदा वर बघतात आणि पुन्हा आपल्या फोनात मान घालतात. सगळ्यांचे काळे आयत, सगळ्यांना सगळं येतं. मत द्यायला वस्तूत थोडी उणीव लागते. एकदा टेकवायचं की दोनदा, हा प्रश्न सुटला तिथेच आमच्या घरातला संवाद निम्म्यावर आला.

मतं मात्र नाहीशी झालेली नाहीत. ती द्यायचं काम आता फोननं अंगावर घेतलंय. मी गुडघ्याच्या मलमाची एक जाहिरात शेवटपर्यंत पाहिली, तेव्हापासून माझ्या फोनचं माझ्याबद्दल ठाम मत झालंय आणि तो ते रोज सकाळी मला ऐकवतो. दाजींच्या फोनला वाटतं, की त्यांनी या वयात शेअरबाजाराचा कोर्स करावा. ताईच्या फोनला वाटतं, की तिला पुरी फुगवता येत नाही; तो तिला दिवसाआड कोणातरी पोरसवदा मुलीचे धडे दाखवतो. ताई चिडून त्याला सुनावते, पण तो ऐकून घेत नाही आणि उलट उत्तरही देत नाही. नुसता पुढचा धडा काढतो. त्या ५८००ला आम्ही पाडव्याच्या दिवशी तोंडावर काय काय बोललो! त्यानं दाबल्यावर पोच दिली, पालथा घातल्यावर तोंड मिटलं, आणि आमच्यातल्या एकाबद्दलही कधी स्वतःचं मत बनवलं नाही. करमणूक करणाऱ्यानं एवढी पायरी तरी ओळखून राहावं.